महागाई वाढते, मजुरी का थांबते?

महागाईबरोबर किमान मजुरीही वाढावी का, असे आपल्या मंडळीतील काही जण मला विचारतात. रेवस परिसरातील कातकरी वाड्यांवर काम करताना माझे उत्तर ‘हो’ असेच आहे. कायद्यात तशी सोय आहेही. अडचण पुढे आहे.

१९४८ च्या किमान वेतन कायद्याने वेतनाचे दोन भाग मानले, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते आहेत. एक मूळ दर. त्याचा फेरविचार पाच वर्षांच्या आत व्हावा. दुसरा महागाईचा भत्ता. महाराष्ट्रात त्याला विशेष भत्ता म्हणतात आणि ग्राहक किंमत निर्देशांक पाहून तो दर सहा महिन्यांनी बदलतो. मनरेगाची मजुरीही अशीच वाढत आली: राज्यात २०२४-२५ मध्ये दिवसाला २९७ रुपये, २०२५-२६ साठी ३१२. वाढ अवघी १५ रुपयांची. पण कोणाच्या हातापाया न पडता मिळालेली.

आमची कुटुंबे मात्र वीटभट्टीवर जातात. पावसाळ्याच्या अडचणीत उचल घेतलेली असते. मजुरी हजार विटांमागे, तीही नवरा-बायको मिळून, आणि दर भट्टी पेटण्याआधीच ठरलेला. मग तेल, तांदूळ, औषध महागले तरी दर तोच. आठवड्याची खर्ची वाढवून मागितली तर ती शेवटच्या हिशोबात वजा होते. बाकी अंगावर राहिली की पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. म्हणजे शहरात जी महागाई पगारात थोडीतरी भरून निघते, ती इथे कर्ज होऊन बसते.

मजुरी वाढवली तर धंदा परवडत नाही, असे मालक म्हणतात. लहान भट्टीवाल्याची ओढाताण मलाही दिसते. पण कोळसा, डिझेल महागले की विटेचा भाव वाढतोच ना?

किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणे ही वेठबिगारीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाड बांधकामांच्या खटल्यात म्हटले आहे. ते भट्टीवर सिद्ध करायचे तर आकडे हवेत. म्हणून आम्ही कुटुंबांना वही ठेवायला सांगतो: किती विटा, किती दिवस, किती खर्ची. मजुरीला दिवसांनी आणि दोन माणसांनी भागले की खरा रोज कळतो, आणि तो त्या सहामाहीच्या सरकारी दराशी ताडून पाहता येतो.

आपल्यापैकी ज्यांचे घर बांधायचे चालले आहे, त्यांनी विटा घेताना भट्टीवर मजुरीचा दर जरूर विचारावा.