दरबारची ओळख आणि घरचा कारखाना : किर्लोस्करवाडी ते अल्विन

कुकटपल्लीतली अल्विन कॉलनी सगळ्यांना ठाऊक आहे. हे नाव कारखान्यावरून आलं. 1942 साली निझाम सरकारचा इंडस्ट्रियल ट्रस्ट फंड आणि अल्लाउद्दीन अँड कंपनी यांनी मिळून अल्विन मेटल वर्क्स काढलं. शेजारच्या सनतनगरातला हा कारखाना पुढे बसच्या बॉड्या, स्टीलचं फर्निचर आणि फ्रिज यांसाठी ओळखला गेला.

दरबारची ओळख असली की घरगुती धंदा नव्या वस्तूत पैसा घालायला धजतो का? माझ्या मते धजतो. पण मदत कोणत्या अटीवर आली, यावर पुढचं सगळं ठरतं. ताडून पाहायला किर्लोस्करांचं उदाहरण घेऊ.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बेळगावात बनवला, तेव्हा पाठीशी कुणी राजा नव्हता. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे गिऱ्हाईक मिळेना. त्यातच नगरपालिकेने वाढत्या वस्तीसाठी कारखान्याची जागा सोडायला लावली. औंधला देवळाच्या सभामंडपाचं काम लक्ष्मणरावांकडे होतं. त्या ओळखीतून बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचं माळरान दिलं आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून काम चालू राहिलं.

म्हणजे कल्पना घरचीच होती, राजाने तिला वेळ मिळवून दिला. नवं यंत्र म्हटलं की साचे फुकट जातात, ओतकाम बिघडतं, माल पडून राहतो. सावकाराचं व्याज मात्र थांबत नाही. बिनव्याजी पैशाला ही घाई नसते. शिवाय किर्लोस्कर एकाच दरबारावर विसंबले नाहीत. 1941 मध्ये ते लेथ बनवायला म्हैसूर संस्थानातल्या हरिहरला गेले. 1948 मध्ये औंध संस्थान विलीन झालं, तरी कारखाने घराण्याकडेच राहिले.

अल्विनमध्ये सरकार सुरुवातीपासूनच भागीदार होतं. 1948 मध्ये निझामाची राजवट संपली आणि सरकारच बदललं. 1969 मध्ये कंपनी आंध्र प्रदेश सरकारच्या ताब्यात गेली. नवं काही करणं थांबलं नाही. ऐंशीच्या दशकात जपानच्या सिकोच्या सहकार्याने घड्याळं निघाली. पण पैसा कशात घालायचा हे आता सचिवालयात ठरत होतं. नव्वदच्या दशकात फ्रिजचा विभाग व्होल्टासकडे गेला.

याला दुसरीही बाजू आहे. तेवढाच हुशार पण राजाची ओळख नसलेला कारागीर तेव्हाही असणारच. त्याच्या नावाची वाडी कुठेच नाही. म्हणून जुन्या कारखान्याची कागदपत्रं हाती आली, तर उद्घाटनाच्या फोटोआधी कर्जाच्या अटी वाचाव्यात. पैसा कुणी दिला, आणि बदल्यात हिस्सा मागितला का, हे तिथे सापडतं.