झैतूनचे तेल आणि इफ्तारचे ताट

रमजान सुरू झाला की मोहल्ल्यातल्या किराणा दुकानाची मांडणी बदलते. पुढच्या फळीवर खजुराचे डबे येतात, शेवयांची पाकिटे येतात आणि अलीकडे त्यांच्या शेजारी ऑलिव्ह तेलाच्या बाटल्याही दिसू लागल्या आहेत. अरबी आणि उर्दूत या फळाला झैतून म्हणतात. कुरआनच्या ९५व्या सूरहची सुरुवात अंजीर आणि झैतून यांच्या शपथेने होते. २४व्या सूरहमध्ये अल्लाहच्या प्रकाशाची उपमा देताना दिव्यातल्या झैतूनच्या तेलाचा उल्लेख येतो. साहजिकच मुस्लिम घरांत या तेलाकडे आदराने पाहिले जाते.

या आदरापोटीच एक समज पसरतो. सहरीला, म्हणजे पहाटे रोजा सुरू होण्यापूर्वीच्या जेवणात, दोन चमचे झैतूनचे तेल प्यायले की दिवसभर साखर वाढत नाही आणि गोळीची गरज उरत नाही, असे सांगितले जाते. मधुमेह असलेल्या रोजेदाराच्या बाबतीत ही गोष्ट जिवावर बेतू शकते. म्हणून या तेलाने नेमके काय होते आणि काय होत नाही, हे नीट समजून घ्यायला हवे.

आधी चांगली बाजू पाहू. स्पेनमध्ये ‘प्रेडिमेड’ नावाचा एक मोठा आहार-प्रयोग झाला. हृदयविकाराचा धोका असलेल्या, ५५ ते ८० वर्षे वयाच्या माणसांचे तीन गट केले गेले. एका गटाला भाज्या, कडधान्ये, फळे, मासे असा भूमध्य सागराकाठचा आहार आणि त्यासोबत घरासाठी आठवड्याला सुमारे एक लिटर एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल दिले. दुसऱ्या गटाला तोच आहार आणि तेलाऐवजी अक्रोड-बदामासारखा सुकामेवा दिला. तिसऱ्या गटाला फक्त चरबी कमी खाण्याचा सल्ला दिला. सुरुवातीला मधुमेह नसलेल्या ३,५४१ जणांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे चार वर्षांत ऑलिव्ह तेलाच्या गटात नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण तिसऱ्या गटापेक्षा जवळपास ४० टक्क्यांनी कमी आढळले. काही केंद्रांवर गट पाडण्यात त्रुटी राहिल्याने प्रेडिमेडचा हृदयविकाराविषयीचा मुख्य अहवाल २०१८ मध्ये सुधारून पुन्हा छापावा लागला. त्याच्या निष्कर्षाचा रोख मात्र तोच राहिला.

या तेलात असे काय आहे? त्यातली बहुतांश चरबी ओलेइक आम्लाच्या रूपात असते. ही असंतृप्त चरबी आहे. तूप, लोणी, वनस्पती आणि मटणाच्या चरबीत संतृप्त चरबी जास्त असते. आहारात संतृप्त चरबीचा भार मोठा असेल तर शरीर इन्शुलिनला दाद देईनासे होते आणि साखर रक्तातच रेंगाळते. शिवाय जेवणात थोडे तेल असले की अन्न पोटातून आतड्यात सावकाश उतरते, त्यामुळे साखरही हळूहळू चढते.

आता दुसरी बाजू. पाच देशांतील १६२ निरोगी माणसांवर झालेला एक प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिने एका गटाच्या आहारात संतृप्त चरबी जास्त होती, तर दुसऱ्या गटाला त्याऐवजी ओलेइक आम्लाची चरबी दिली होती. पहिल्या गटात इन्शुलिनचा परिणाम घटला, दुसऱ्यात तो टिकून राहिला. मात्र ज्यांच्या आहारात एकूण चरबीच फार होती, म्हणजे ३७ टक्क्यांहून अधिक ऊर्जा चरबीतून येत होती, त्यांना चांगल्या चरबीचा हा फायदा दिसला नाही.

इफ्तारच्या ताटासाठी यात मोठा धडा आहे. तळलेले समोसे, भजी, वरून फालूदा आणि गोड सरबत हे सगळे तसेच ठेवून त्यात दोन चमचे झैतूनचे तेल वाढवले, तर फक्त उष्मांक वाढतात. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, मग ते कोणतेही असो. तेलाचा गुण तेव्हाच दिसतो, जेव्हा ते दुसऱ्या कशाच्या तरी जागी येते. वनस्पतीतला पराठा बाजूला सारून साधी भाकरी घ्या. समोशाऐवजी उकडलेले काबुली चणे घ्या, त्यात काकडी, कांदा, टोमॅटो, लिंबू आणि वरून चमचाभर झैतूनचे तेल घाला. एक-दोन खजूर आणि पाण्याने रोजा सोडल्यावर हे ताट पोट भरते आणि साखरेला एकदम उसळी मारू देत नाही.

बाटली घेताना लेबल वाचावे. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ तेल फळे दाबून काढलेले असते आणि त्यात पॉलिफेनॉल नावाची उपयुक्त द्रव्ये टिकून राहतात. ‘पोमेस’ तेल उरलेल्या चोथ्यातून रसायन वापरून काढतात. ते स्वस्त असते, पण गुणाने तसे नसते. ‘लाइट’ म्हणजे रंगाने आणि चवीने हलके, कॅलरी तितक्याच. बाटली गडद काचेची असावी आणि चुलीपासून दूर ठेवावी.

आणि ज्यांना हे महाग तेल परवडत नाही त्यांचे काय? त्यांनी मन छोटे करू नये. आपल्या शेंगदाणा तेलातही साधारण निम्मी चरबी ओलेइक आम्लाचीच असते. मोजून वापरलेले शेंगदाणा तेल आणि ताटात भरपूर भाजी-कडधान्य, हा मराठी घराला जुनाच परिचित मार्ग आहे. एकादशीला तुपातली साबुदाणा खिचडी आणि तळलेले पापड खाणाऱ्या शेजाऱ्यांनाही हाच हिशोब लागू पडतो. उपवासाचा महिना कोणाचाही असो, रक्तातली साखर धर्म विचारत नाही.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यातले कितीतरी रोजा ठेवतात. गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर रोजा ठेवता येईल का आणि औषधाची वेळ व मात्रा कशी बदलायची, हे रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना विचारून ठरवावे. स्वतःहून गोळी सोडू नये. दिवसा अधूनमधून साखर तपासावी. बोटावर सुई टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली, तर रोजा तिथेच सोडावा. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे दिसली तरी मगरिबच्या अजानची वाट पाहू नये.

यात श्रद्धेला कमीपणा नाही. आजारी माणसाला रोजातून सवलत कुरआननेच दिली आहे. राहिलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात, आणि ज्यांना तेही शक्य नाही त्यांच्यासाठी गरिबाला जेवू घालण्याचा फिदया आहे. घरात अब्बा, अम्मी किंवा दादी हट्टाने गोळी टाळून रोजा ठेवत असतील, तर त्यांना ही सवलत प्रेमाने आठवण करून देणे हे घरातल्या तरुणांचे काम आहे. झैतूनचे तेल चण्यांवर घालावे, गोळी डॉक्टर सांगतील तशी घ्यावी.