चार लोक काय म्हणतील?

बारावी झाली की देवासचे पुष्कळ विद्यार्थी इंदूर, पुणे, बंगळुरूकडे निघतात. कारण विचारले तर कॉलेज, नोकरी अशी उत्तरे मिळतात. एका मुलीने मात्र आम्हाला सरळ सांगितले, "सर, तिथे कुठे चाललीस म्हणून कोणी विचारत नाही."

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०३ मध्ये महानगरातील मनोजीवनावर निबंध लिहिला. त्यांचे बर्लिन तेव्हा सुमारे १९ लाख वस्तीचे होते, म्हणजे जवळजवळ २०११ च्या जनगणनेतील इंदूरएवढे. झिमेल यांचे म्हणणे असे, की लहान समूहाला टिकून राहण्यासाठी प्रत्येकावर नजर ठेवावी लागते. समूह वाढला की ही पकड सैल होते आणि माणसाला आपल्या मनासारखे वागता येते. पण शहरात रोज इतके चेहरे समोर येतात की सर्वांशी मन जोडणे शक्यच नसते. म्हणून माणूस अलिप्त होतो, वर्षानुवर्षांच्या शेजाऱ्यालाही ओळखत नाही.

देवासकरांना मात्र इथे कुमार गंधर्व आठवतील. क्षयाने आजारी असलेले कुमारजी १९४८ साली मुंबई सोडून इथल्या कोरड्या हवेत आले. पुढची काही वर्षे गाणे बंद होते. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली. त्यातून पुढे लोकधुनांचा अभ्यास, नवे राग आणि १९६५ चे 'अनूपरागविलास' आले. त्यांच्या गायकीवर टीकाही झाली, पण १९९२ मध्ये निधन होईपर्यंत ते देवासलाच राहिले. इतकी स्वतंत्र वाट लहान गावात सापडली! अर्थात, ते आले तेव्हा नामवंत गायक होते. त्यांना जाब विचारणार कोण? मोहल्ल्यातल्या मुलीला ही सवलत नसते.

गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीचा तबल्याचा क्लास सुटला. परतताना अंधार पडे आणि गल्लीत चर्चा होई. तिचे वडील इस्पितळात होते तेव्हा ह्याच गल्लीने दहा दिवस घरी डबे पोचवले होते. गल्ली तिला ओळखते, म्हणूनच डबा येतो आणि म्हणूनच चर्चाही होते. डबे हवेत पण चर्चा नको, हे कसे साधावे यावर पालकसभेत बराच वाद झाला. काही पालकांना आमचे म्हणणे पटले नाही.

यंदा तबल्याचा वर्ग शाळेतच, सुटी झाल्याबरोबर सुरू केला आहे. सात मुली येतात. त्यांत तीही आहे, आणि डबे पोचवणाऱ्या काकूंची नातसुद्धा.