‘असिस्टंट’ म्हणजे नेमकं काय हो?

‘असिस्टंट’ हा शब्द आपल्याकडे जरा बिचाराच आहे. कुणाच्या मुलाला नोकरी लागली म्हटलं की आपण लगेच विचारतो, "कशावर लागला?" मॅनेजर म्हटलं की आपल्या भुवया वर जातात. असिस्टंट म्हटलं की "बरं, बरं, सुरुवात तर झाली" म्हणून आपण विषय बदलतो. त्यातून ती मुलगी असेल आणि मैदानावरची असिस्टंट असेल, तर मग विचारायलाच नको!

इथे पनवेलला आमच्या महिला मंडळात आठवड्यातून एक दुपार बायका आपापल्या अडचणी घेऊन येतात. रेशनकार्ड, नवऱ्याचं पिणं, सासू-सुनेचं बिनसणं, मुलीचं लग्न हे नेहमीचे विषय. गेल्या पावसाळ्यात एक आई आली ती मात्र वेगळंच गाऱ्हाणं घेऊन. तिची मुलगी कॉलेजात बास्केटबॉल खेळायची, विद्यापीठाच्या सामन्यांपर्यंत पोहोचलेली. बी.कॉम. झाली आणि आता एका शाळेत सरांच्या हाताखाली मुलींच्या संघाला शिकवायला जाते. संध्याकाळचे दोन तास. मानधन एवढंच की रिक्षाचे पैसे गेल्यावर हातात फारसं काही उरत नाही.

"ताई, तुम्हीच समजवा तिला. बँकेच्या परीक्षा द्यायच्या सोडून पोरींच्या मागे शिट्टी घेऊन धावते. पाहुणे विचारतात, मुलगी काय करते? मी काय सांगू? असिस्टंट कोच! असिस्टंट म्हणजे नेमकं काय हो?"

प्रश्न रास्त होता. माझा स्वतःचा खेळाशी संबंध शाळेतल्या लंगडी आणि खो-खोपुरता. म्हणून मी तिला म्हटलं, "वहिनी, मला आठ दिवस द्या." आणि शोधायला बसले. त्या शोधात जिची गोष्ट हाती लागली, ती मैत्रिणींनो, तुम्हालाही सांगावीशी वाटते.

तिचं नाव सोनिया रामन. वडील चेन्नईचे, आई नागपूरची. म्हणजे आजोळ आपल्याच महाराष्ट्रातलं! आईवडील अमेरिकेला गेले आणि सोनिया मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम गावात वाढली.

हे मॅसॅच्युसेट्स म्हणजे बास्केटबॉलचं माहेर. याच राज्यातल्या स्प्रिंगफील्डमध्ये १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हा खेळ काढला. बाहेर कडाक्याची थंडी, पोरांना खोलीत खेळता येईल असं काहीतरी हवं होतं, म्हणून त्याने फळांच्या टोपल्या उंच टांगल्या. पुढच्याच वर्षी तिथल्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या बाईंनी तो मुलींना शिकवला. पण मुलींना जास्त धावपळ झेपणार नाही, अशी त्या काळची समजूत. म्हणून त्यांनी मैदानाचे तीन भाग केले, आणि प्रत्येकीने आपल्याच भागात खेळायचं असा नियम घातला. १८९३ मध्ये कॉलेजातल्या मुलींचा सामना झाला, तेव्हा पुरुषांना तो पाहायलाही बंदी होती. आपल्याकडचंच वर्णन ऐकतोय असं वाटतं ना?

पुढे १९७२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही. तो खेळालाही लागू झाला. मुलींना मैदान मिळालं, संघ मिळाले, शिकवणारे मिळाले. सोनिया शाळेत गेली ती त्यानंतर. म्हणजे तिच्या गुणांइतकंच श्रेय या कायद्यालाही द्यायला हवं.

टफ्ट्स विद्यापीठात ती चार वर्षं संघातून खेळली आणि १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पदवीधर झाली. पदवी मिळाली की कॉलेजातला खेळ संपतो. अमेरिकेतली बायकांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग, डब्ल्यूएनबीए, तिचे सामने सुरू झाले ते १९९७ मध्ये. पण तिथे जागा मिळते ती मोजक्या खेळाडूंना. बाकीच्या हजारो मुलींपुढे प्रश्न तोच, जो पनवेलच्या या मुलीपुढे आला. खेळणं संपलं, आता काय?

सोनियाने दोन वाटा एकदम धरल्या. एक वाट आईवडिलांना समजेल अशी. बोस्टन कॉलेजच्या लॉ स्कूलमधून तिने २००१ मध्ये कायद्याची पदवी घेतली, अमेरिकेच्या कामगार खात्यात वकील म्हणून काम केलं, मग फिडेलिटी या मोठ्या गुंतवणूक कंपनीत. दुसरी वाट मैदानाची. टफ्ट्समध्येच दोन वर्षं असिस्टंट कोच, आणि नंतर वेलस्ली या मुलींच्या नामांकित कॉलेजात सहा वर्षं असिस्टंट कोच. एकूण आठ वर्षं! त्यातली बरीच वर्षं नोकरी वकिलीची आणि उरलेला वेळ मैदानावर.

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. असिस्टंट करते काय?

मैदानावर एका वेळी आपले पाच खेळाडू असतात, पण संघात बारा-पंधरा मुली असतात. मुख्य कोचचं लक्ष सगळ्या खेळावर. एकेका मुलीकडे पाहायचं काम असिस्टंटचं. कुणाचा नेम का चुकतोय, कुणाचं पाऊल चुकीचं पडतंय, कुणी पोटात काही न घालता सरावाला आलीय का, हे तिला आधी कळतं. पुढच्या आठवड्यात ज्यांच्याशी सामना, त्यांचे आधीचे सामने बसून पाहायचे आणि टिपणं काढायची. त्यांची उंच मुलगी डाव्या हाताने टाकते की उजव्या, दमल्यावर त्यांचा संघ कुठे सैल पडतो, ते लिहून ठेवायचं. नव्या मुली हेरायच्या, त्यांच्या घरी फोन करायचे, पालकांशी बोलायचं. सामन्यात जी मुलगी चाळीस मिनिटं नुसती बाकावर बसून राहिली, तिच्याशी सामन्यानंतर चार शब्द बोलायचे. हे सगळं करायचं आणि वर्तमानपत्रात नाव मात्र मुख्य कोचचं.

मैत्रिणींनो, हे काम आपल्याला अनोळखी आहे का? घरात कार्य ठरलं की कर्ता पुरुष मांडवात उभा असतो. आणि कुणाचं पथ्य आहे, कोण रुसलंय, कुणाच्या पानात गोड वाढायचं नाही, हे सगळं आतली बाई सांभाळत असते. ते काम किती डोक्याचं असतं, हे आपल्याशिवाय कुणाला कळणार?

२००८ मध्ये सोनियाला एमआयटीच्या मुलींच्या संघाचं मुख्य कोचपद मिळालं. तिने कंपनीतली वकिली सोडली आणि मैदानाची एकच वाट धरली. एमआयटी म्हणजे जगातलं नावाजलेलं तंत्रशिक्षणाचं विद्यापीठ. तिथल्या मुली इंजिनीअर आणि शास्त्रज्ञ व्हायला येतात. खेळासाठी शिष्यवृत्ती तिथे मिळत नाही. प्रयोगशाळेतून उठून सरावाला यायचं आणि पुन्हा अभ्यासाला जायचं.

तिथली तिची कारकीर्द आकड्यांत पाहण्यासारखी आहे. बारा हंगामांत तिच्या संघाने १५२ सामने जिंकले. त्यातले ९१ विजय शेवटच्या पाच हंगामांतले. म्हणजे पहिल्या सात हंगामांत मिळून फक्त ६१! त्या वर्षांत हरणंच जास्त होतं. बाराही वर्षांची बेरीज केली तरी जिंकलेल्यापेक्षा हरलेले सामने जास्त भरतात. आणि तरीही एमआयटीच्या मुलींच्या संघाच्या इतिहासात सगळ्यात जास्त विजय मिळवून देणारी कोच तीच. २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षं त्या संघाने आपल्या विभागाचं विजेतेपद पटकावलं. त्याआधी ते कधीच मिळालं नव्हतं.

मला विचाराल तर सोनियाचं कौतुक आहेच, पण त्या कॉलेजचंही आहे. सात वर्षं त्यांनी धीर धरला. आपण एका सत्रात गुण कमी पडले की क्लास बदलतो.

यानंतरचं वळण मला सगळ्यात जास्त आवडलं. २०२० च्या सप्टेंबरात मेम्फिस ग्रिझलीज या एनबीएतल्या, म्हणजे पुरुषांच्या लीगमधल्या संघाने तिला बोलावलं. पद कुठलं? पुन्हा असिस्टंट कोच! बारा वर्षं मुख्य कोच राहिलेली, चाळिशी उलटलेली बाई पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली जाऊन बसली. समोर सहा-साडेसहा फुटांचे कोट्यधीश खेळाडू. त्या लीगमध्ये पूर्ण वेळ पगारी असिस्टंट कोच म्हणून पहिली बाई, बेकी हॅमन, आली तीही २०१४ मध्ये. आणि भारतीय वंशाची पहिली बाई म्हणजे ही आपली सोनिया. चार हंगाम ती तिथे होती. मग २०२५ मध्ये न्यू यॉर्क लिबर्टी या बायकांच्या संघात, तिथेही असिस्टंट. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात सिअ‍ॅटल स्टॉर्म या संघाने तिला मुख्य कोच नेमलं. डब्ल्यूएनबीएत मुख्य कोच झालेली भारतीय वंशाची ती पहिलीच व्यक्ती.

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेत ठीक आहे. मलाही तसं वाटलं. म्हणून आपल्या देशातलं उदाहरण पाहिलं. वाराणसीची दिव्या सिंग २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय संघाची कर्णधार होती. नंतर ती अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकायला गेली आणि शिकता शिकता तिथल्या मुलींच्या संघाची असिस्टंट कोच झाली. पुढे २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघाबरोबर गेली, तीही असिस्टंट कोच म्हणूनच. आणि आपल्या पुण्याची शिरीन लिमये तर भारतीय संघाची कर्णधार झाली. तेव्हा आपल्या मुलींच्या हातात हा चेंडू शोभत नाही असं नाही.

आठ दिवसांनी ती आई आली, सोबत मुलगीही. मी सगळं सांगितलं. आणि एक गोष्ट मुलीलाही स्पष्ट सांगितली. सोनियाला असिस्टंट म्हणून बरीच वर्षं काढता आली, कारण तिच्या हातात कायद्याची पदवी होती, पगार होता. नुसत्या मानधनावर आपल्याकडे घर चालत नाही. आईची काळजी खोटी नाही. बँकेच्या परीक्षा दे, आणि संध्याकाळचे दोन तास सोडू नकोस. दोन्ही वाटा काही वर्षं बरोबर चालू देत.

शिवाय या वाटेचंही शिक्षण असतं. बी.पी.एड. करता येतं. आपल्याकडे पुण्यात, अमरावतीत शारीरिक शिक्षणाची जुनी, नावाजलेली महाविद्यालयं आहेत. पतियाळाला १९६१ पासून राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे. तिथे कोच होण्यासाठी पदविका अभ्यासक्रम आहे, आणि सहा आठवड्यांचा छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही. नुसतं ‘चांगली खेळायची’ यापेक्षा हातात कागद असला की शाळा-कॉलेजं वेगळ्या नजरेने बघतात.

आई सगळं ऐकून घेत होती. मग मुलगीच हळूच म्हणाली, "काकू, मी जायला लागल्यापासून चार मुली वाढल्या संघात. त्यांच्या घरचे म्हणतात, ताई असेल तर बाहेरगावच्या सामन्याला पाठवतो."

हे मात्र मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. विचार करा, आपल्या मुली खेळ सोडतात केव्हा? सातवी-आठवीत. पाळी सुरू झाली की, किंवा अलिबागला, ठाण्याला मुक्कामी सामन्याला जायची वेळ आली की. सर कितीही भले असले तरी मुलगी त्यांना पोटात दुखतंय म्हणून सांगत नाही, नुसती यायची बंद होते. तिथे एक ताई हवी असते. ती मुख्य कोच असो नाहीतर असिस्टंट, त्या मुलीच्या आईला त्याने काही फरक पडत नाही.

तेव्हा पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा गुणपत्रिकेबरोबर एवढंही विचारा, की शाळेच्या मुलींच्या संघाबरोबर मैदानावर आणि बाहेरगावी बाईमाणूस कोण असतं? कुणी नसेल तर गावात कॉलेजपर्यंत खेळलेली एखादी मुलगी असतेच, तिचं नाव सुचवा. आणि तिला निदान जाण्या-येण्याचा खर्च सुटून चार पैसे हातात राहतील एवढं मानधन मिळावं, असा आग्रह धरा.

ती मुलगी अजून जाते शाळेत शिकवायला. सकाळी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास, संध्याकाळी मैदान. परवा मंडळात कुणीतरी तिच्या आईला विचारलं, मुलगी काय करते? आई म्हणाली, "शाळेच्या पोरी घेऊन जाते सामन्याला. तिच्या भरवशावर पाठवतात लोक."