फुकट नकाशा आणि मोकळा नकाशा

पूर्वी गावाकडे पत्ता विचारला की उत्तर ठरलेलं असे. "एसटीच्या थांब्यावर उतरा, सरळ या, वडाचा पार लागेल, पाराच्या डाव्या हाताला पाणंद आहे, तिथून पुढे कोणालाही विचारा." या 'कोणालाही विचारा'वर आपला कारभार पिढ्यान् पिढ्या चालला. आता विचारायचं ते हातातल्या फोनला. फोन म्हणतो डावीकडे वळा, की आपण वळतो.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या गावच्या वरच्या वाडीत एक आजी अत्यवस्थ झाल्या. तालुक्याहून रुग्णवाहिका निघाली. चालक नवा होता. फोनने दाखवलेल्या रस्त्याने तो आला आणि ओढ्याच्या पाण्यापाशी येऊन थांबला. वरच्या अंगाला नवा पूल होऊन तीन वर्षं झाली होती. गावातल्या शेंबड्या पोरालाही तो ठाऊक होता, नकाशाला मात्र नव्हता. आजी वाचल्या, पण पाऊण तास फुकट गेला. तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळत राहिला: पूल नकाशावर आणण्याचं काम नेमकं कोणाचं? आणि कोणाला तो आणायचा असेल, तर त्याला ती मुभा आहे का?

फोनवरचा नकाशा पाहायला पैसे पडत नाहीत. त्यामुळे आपल्याला वाटतं, की नकाशा आता हवा-पाण्यासारखा सगळ्यांचा झाला. तसं ते नाही. देवस्थानाच्या अन्नछत्रात आपण पोटभर जेवतो, कोणी पैसे मागत नाही. पण "घरी चार माणसं आहेत, त्यांच्यासाठी डाळ-तांदूळ बांधून द्या" असं म्हटलं, तर मिळत नाही. गूगलचा नकाशा पाहणं म्हणजे या पंगतीला बसणं. आपल्याला दिसतं ते चित्र. त्यामागची माहिती, म्हणजे रस्ता कुठून कुठे जातो, एकेरी आहे की दुहेरी, पूल कुठे आहे, ही कंपनीच्या कोठारात असते. ती उचलून स्वतःचा वेगळा नकाशा तयार करायला परवानगी नसते. अशा नकाशाला फुकट नकाशा म्हणू. ज्याचं कोठारच उघडं आहे, तो मोकळा नकाशा. गेली वीस वर्षं जगात नकाशांची जी चुरस चालली आहे, ती या दोहोंमधली आहे.

तिची सुरुवात इंग्लंडात झाली. ब्रिटनचं सरकारी मोजणी खातं 'ऑर्डनन्स सर्व्हे' हे १७९१ पासूनचं. त्याचे नकाशे जगातल्या उत्तम नकाशांत गणले जातात. पण त्यांवर सरकारचा स्वामित्वहक्क होता आणि वापरासाठी भरभक्कम शुल्क द्यावं लागे. मोटारमालकांच्या 'ऑटोमोबाइल असोसिएशन' या मोठ्या संस्थेने या नकाशांवरून आपले नकाशे बेतल्याचा वाद झाला, तेव्हा २००१ मध्ये तिला तडजोडीपोटी दोन कोटी पौंड मोजावे लागले. अमेरिकेत रीत उलटी होती. तिथल्या केंद्र सरकारी खात्यांनी केलेले नकाशे करदात्यांच्या पैशातून झालेले, म्हणून ते कोणीही घ्यावेत. ब्रिटिश करदाता मात्र एकदा कर भरे आणि नकाशा हवा असला तर पुन्हा पैसे भरे.

लंडनमध्ये शिकणाऱ्या स्टीव्ह कोस्ट या तरुणाला हे खटकलं. सुदैवाने काळ अनुकूल होता. उपग्रहांच्या मदतीने आपली जागा सांगणाऱ्या जीपीएस यंत्रणेत अमेरिका पूर्वी लष्करी कारणांसाठी मुद्दाम चूक मिसळत असे. मे २००० मध्ये ते बंद झालं आणि खिशात मावणारं उपकरण जागा दहाएक मीटरपर्यंत अचूक सांगू लागलं. कोस्टची कल्पना अगदी साधी होती. उपकरण घेऊन सायकलवर निघायचं. आपण गेलो त्या वाटेची रेघ उपकरणात उमटते. घरी येऊन ती रेघ संगणकावर चढवायची, तिला रस्त्याचं नाव द्यायचं आणि सर्वांसाठी खुली करायची. २००४ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमाचं नाव 'ओपनस्ट्रीटमॅप'. विकिपीडिया जसा वाचकांनीच लिहिलेला ज्ञानकोश, तसा हा वाटसरूंनीच काढलेला नकाशा. मे २००६ मध्ये सुमारे चाळीस माणसं आइल ऑफ वाइट या बेटावर शनिवार-रविवार गाठून गेली आणि पायी, सायकलने, मोटारीने फिरून त्यांनी बेटावरच्या रस्त्यांची नोंद केली.

हौशी मंडळींचा खेळ म्हणून याकडे पाहून चालणार नव्हतं. तेव्हा रस्त्यांच्या माहितीचा जागतिक व्यापार मुख्यतः दोन कंपन्यांच्या हाती होता, नॅव्हटेक आणि टेली अॅटलस. त्यांच्या मोटारी देशोदेशी फिरून नोंदी घेत. २००७-०८ मध्ये नोकियाने नॅव्हटेकसाठी सुमारे आठ अब्ज डॉलर, तर टॉमटॉमने टेली अॅटलससाठी २.९ अब्ज युरो मोजले. गूगलचा नकाशा २००५ मध्ये आला होताच. म्हणजे एकीकडे ज्या मालाला अब्जावधींचा भाव होता, तोच माल दुसरीकडे सायकलवरची पोरं वाटून टाकत होती! काही कंपन्यांनाही ही रीत पटली. २००७ मध्ये एएनडी या डच कंपनीने नेदरलँड्सचा संपूर्ण रस्ते-नकाशा या उपक्रमाला दिला, आणि सोबत भारत व चीनमधल्या प्रमुख रस्त्यांची माहितीही.

कंपनी नकाशा काढते ती गिऱ्हाईक पाहून. त्यात गैर काही नाही, तो तिचा धंदा आहे. पण जिथे गिऱ्हाईक नाही तिथे काय होतं, हे १२ जानेवारी २०१० रोजी दिसलं. हैती या गरीब देशाच्या राजधानीला, पोर्ट-ओ-प्रिन्सला, भीषण भूकंपाचा धक्का बसला. मदतपथकं उतरली, पण गल्ल्या-वस्त्या दाखवणारा धड नकाशा कोणाजवळही नव्हता. उपग्रह-छायाचित्रं विकणाऱ्या कंपन्यांनी ताजी छायाचित्रं मोकळी केली, गूगलनेही ती प्रसिद्ध करायला मदत केली. मग जगभरातले शेकडो स्वयंसेवक घरच्या संगणकावर बसून त्यांवरून रस्ते, कोसळलेल्या इमारती, निर्वासितांचे तंबू गिरवू लागले. हैतीत पाऊलही न ठेवलेल्या माणसांनी काही आठवड्यांत त्या शहराचा तोवरचा सर्वांत तपशीलवार नकाशा तयार केला. बचाव पथकांनी तो आपल्या उपकरणांत उतरवून घेतला. इथे 'मोकळा' या शब्दाचा अर्थ कळतो. परवानगीचं पत्र पाठवून उत्तराची वाट पाहायला ढिगाऱ्याखालच्या माणसाजवळ वेळ नसतो. २०१५ मध्ये नेपाळच्या भूकंपात हजारो स्वयंसेवकांनी हेच काम पुन्हा केलं.

आता तुम्ही म्हणाल, "संकटाचं ठीक आहे. पण रोजच्या व्यवहारात गूगल असताना दुसरा नकाशा हवाच कशाला?" याचं उत्तर दरपत्रकात आहे. नकाशा पाहणाऱ्याला पैसे पडत नाहीत, पण आपल्या संकेतस्थळावर किंवा अॅपमध्ये तो बसवणाऱ्या व्यावसायिकाला पडतात. २०१२ मध्ये गूगलने मोठ्या वापरासाठी शुल्क सुरू केलं. दिवसाला २५ हजार वेळा नकाशा दाखवणं मोफत, त्यापुढे दर हजारामागे चार डॉलर. तेव्हा फोरस्क्वेअरसारखी नामवंत कंपनी गूगल सोडून ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेल्या नकाशाकडे गेली. त्याच वर्षी जूनमध्ये गूगलने चार डॉलरचा दर अर्ध्या डॉलरवर आणला. २०१८ मध्ये दर पुन्हा चढले, आणि पुन्हा अनेकांनी पर्याय शोधले.

तिसरा प्रसंग आपल्याकडचा. जुलै २०२४ मध्ये ओला कंपनीने जाहीर केलं, की आम्ही गूगलचा नकाशा सोडला असून आता आमचा स्वतःचा वापरतो, यात वर्षाला शंभर कोटी रुपये वाचतील. त्याच महिन्यात गूगलने भारतातले दर ७० टक्क्यांपर्यंत कमी करत असल्याचं सांगितलं. एका गोष्टीमुळेच दुसरी घडली असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण गावात दुसरं दुकान असलं की पहिल्या दुकानदाराचं माप भरून येतं, हा अनुभव आपल्याला नवा नाही. दुसऱ्या दुकानात आपण कधी गेलो नाही, तरी त्याचा लाभ आपल्याला मिळतोच. मोकळ्या नकाशाचं खरं महत्त्व मला इथे वाटतं.

याचा अर्थ स्वयंसेवकांच्या नकाशात सारं आलबेल आहे असा नाही. पुढे कोंडी आहे का, हे कंपनीचा नकाशा सांगतो तो लाखो फोनच्या हालचाली पाहून. एवढी पाळत ठेवण्याची ताकद स्वयंसेवकांत नाही, आणि बहुतेकांची तशी इच्छाही नाही. जिथे हौशी माणसं जास्त तिथे नकाशा दाट, जिथे नाहीत तिथे विरळ. युरोपातल्या शहरात झाड न् झाड नोंदलेलं, तर आपल्याकडच्या तालुक्यात नुसता हमरस्ता, असं चित्र दिसतं. सदस्यांची नोंदणी एक कोटीवर गेली आहे, पण प्रत्यक्ष काम करणारे त्यातले थोडे. शिवाय दार उघडं म्हटल्यावर खोडसाळ माणूसही आत येतो. २०१८ मध्ये कोणीतरी न्यूयॉर्कच्या नावाच्या जागी ज्यूद्वेषाचा शब्द घातला. मूळ नकाशात स्वयंसेवकांनी तो लगेच पुसला, पण काही दिवसांनी त्यावर आधारलेल्या एका कंपनीच्या नकाशात तो झळकलाच.

ही गोष्ट गरीब बिचारे स्वयंसेवक विरुद्ध लबाड कंपन्या इतकी सोपीही राहिलेली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अॅमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम या बलाढ्य कंपन्यांच्या पुढाकाराने 'ओव्हर्चर' नावाची संस्था उभी राहिली. तिच्या मोकळ्या नकाशात ओपनस्ट्रीटमॅपची माहिती मोठ्या प्रमाणावर आहे. एकट्याने गूगलला गाठणं अवघड, म्हणून बाकीच्यांनी मोकळ्या कोठाराचा आसरा घेतला. त्यात परोपकार किती आणि व्यापार किती, ते ज्याचं त्याने ठरवावं. कोठारात भर पडते आहे आणि दार उघडं आहे, तोवर आपली तक्रार नसावी.

गूगलनेही २००८ मध्ये 'मॅप मेकर' नावाची सोय काढून लोकांना रस्ते, दुकानं, देवळं नोंदवू दिली होती. अनेक भारतीयांनी तिथे हौसेने रात्री जागवल्या. मार्च २०१७ मध्ये कंपनीने ती बंद केली. लोकांनी भरलेली माहिती कंपनीच्या कोठारातच राहिली. आजही चूक कळवता येते, पण ती मान्य करायची की नाही हे कंपनी ठरवते. तिथे श्रमदान आपलं असतं आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर.

आपल्या देशात नकाशाची परंपरा मोठी. सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ ची. पण तपशीलवार नकाशा सामान्य माणसाच्या हाती सहज पडू नये, असाच दीर्घकाळ खाक्या होता. सीमाभाग आणि किनारपट्टीचा तर विशेष. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी हे चित्र बरंच बदललं. संरक्षणासारखे मोजके विषय वगळता भारतीय व्यक्तीला वा संस्थेला नकाशासाठी माहिती गोळा करायला आणि ती प्रसिद्ध करायला आगाऊ परवानगी लागत नाही. मुभा मिळाली आहे. आता ती वापरणारी माणसं हवीत.

मराठी माणसाला यात करण्यासारखं पुष्कळ आहे. इंग्रजीत 'ळ' नाही, त्यामुळे इंग्रजी अक्षरांतून फिरून परत देवनागरीत आलेल्या आपल्या गावांच्या नावांची काय दशा होते, ती आपण रोज पाहतो. ओपनस्ट्रीटमॅपवर मराठी नावासाठी वेगळा रकाना आहे. वाडीचं नाव वाडीतला माणूसच बिनचूक लिहिणार. पाण्याची टाकी, आरोग्य उपकेंद्र, पावसाळ्यात बंद होणारी वाट, हे सारं नोंदवायला ना पदवी लागते ना पैसा. एकच पथ्य पाळायचं: दुसऱ्याच्या नकाशावरून उतरवायचं नाही. स्वतः पाहिलेलं किंवा जे वापरायची परवानगी आहे, तेवढंच लिहायचं.

आमच्या ओढ्यावरचा पूल मी गेल्या दिवाळीत त्या नकाशावर चढवला. सवय नसल्यामुळे अर्धा तास लागला. पुढच्या रुग्णवाहिकेच्या चालकाच्या हातात कोणता नकाशा असेल, ते मला ठाऊक नाही. पण पुलाची नोंद आता जगासमोर आहे, आणि ज्याला आपल्या नकाशात घ्यायची असेल त्याला ती घेता येईल. 'तिथून पुढे कोणालाही विचारा' असं आपण म्हणत होतो. विचारणारा आता फोनवरून विचारतो, एवढाच बदल झाला आहे. उत्तर मात्र अजूनही आपणच द्यायचं आहे.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)