कोकमतेलाचे मलम आणि न भरणारी चीर

काही वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत एक सूनबाई सासऱ्यांना घेऊन बोर्ली पंचतनच्या माझ्या दवाखान्यात आल्या. हातात घरी केलेल्या मलमाची डबी होती. मलम उत्तम होते. परंतु चार महिने लावूनही आजोबांच्या खालच्या ओठावरची चीर भरत नव्हती. त्यांच्याकडे पुन्हा वळू, आधी मलमाविषयी.

उतारवयात ओठ लवकर सुकतात. त्यात पाणी कमी पिणे, तोंडाने श्वास घेणे आणि जिभेने ओठ ओले करण्याची सवय. लाळ वाळताना ओठांचा उरलासुरला ओलावाही घेऊन जाते.

यावरचा उपाय आपल्या परसातच आहे. रातांब्याच्या बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की तेल वर येते. ते थिजल्यावर मुठीत वळून गोळे करतात. काही भागांत त्याला मुठेल म्हणतात. टाचांच्या भेगांना आपण ते लावतोच. नुसते कोकमतेल ओठांवर टणक लागते, नुसते खोबरेल उन्हाळ्यात वाहून जाते. म्हणून दोहोंना मधमाश्यांच्या मेणाची जोड द्यावी.

खोबरेल १५ ग्रॅम, कोकमतेल १० ग्रॅम, मेण ५ ग्रॅम. गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत आधी मेण, मग तेले वितळवावीत. घरचे कोकमतेल वितळवून आधीच फडक्यातून गाळून घ्यावे. डब्या पूर्ण कोरड्या हव्यात. पाण्याचा थेंब गेला तर बुरशी धरते. प्रत्येकाची डबी वेगळी ठेवावी. तीन महिन्यांत, किंवा खवट वास येताच त्याआधीही, टाकून द्यावे.

कापूर, पेपरमिंट, दालचिनीचे तेल, लिंबू यांपैकी काहीही घालू नये. क्षणभर गार किंवा छान वाटते. चिरलेला ओठ मात्र अधिक चुरचुरतो. एवढा खटाटोप जमत नसेल तर बिनवासाची साधी पेट्रोलियम जेलीही तितकीच चांगली, हे कोकणी अभिमान बाजूला ठेवून सांगतो. घरी रुग्णाला प्राणवायू लावलेला असेल तर मात्र ओठांना वा नाकाला कोणतेही तेलकट मलम लावू नये. आगीचा धोका असतो. अशा वेळी पाण्यावर आधारित मलम डॉक्टरांना विचारून आणावे.

ओठांचे कोपरे सतत चिरत असतील तर कवळी ढिली आहे का, पाहावे. तेथे बुरशीचा संसर्ग असू शकतो, किंवा लोह वा ब जीवनसत्त्वांची कमतरता. मलमाने ते बरे होत नाही.

आणि दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा खरखरीत चट्टा, हाताला लागणारी गाठ किंवा रक्त येणे, विशेषतः खालच्या ओठावर, हे तपासून घ्यावेच. आयुष्यभर उन्हात बागेत किंवा होडीवर राबलेल्यांनी, तंबाखू-मिश्रीची सवय असलेल्यांनी तर एक दिवसही लांबणीवर टाकू नये.

आजोबांच्या ओठाचा तुकडा तपासणीस पाठवला. कर्करोगाची सुरुवात होती. छोटी शस्त्रक्रिया झाली. आता ते सुपारीच्या बागेत जाताना रुंद काठाची टोपी घालतात, आणि सूनबाई दर महिन्याला उजेडात त्यांचा ओठ पाहतात.