नीराकाठच्या जमिनीतले क्षार

विरुद्ध विद्युतप्रभाराच्या कणांनी एकमेकांना धरून ठेवल्यामुळे जो पदार्थ बनतो, त्याला आयनिक संयुग म्हणतात. खायचे मीठ, जिप्सम, कपडे धुण्याचा सोडा आणि उन्हाळ्यात क्षारपड शेताच्या अंगावर उमटणारा पांढरा थर ही सगळी याच कुळातली. बारामती तालुक्यातील पणदरे, माळेगावपासून खाली इंदापूरपर्यंत नीरा डाव्या कालव्यावर भिजणाऱ्या पट्ट्यात या संयुगांचे गुणधर्म शेतातच पाहायला मिळतात. त्यांची किंमतही शेतकऱ्यालाच मोजावी लागते.

सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात आणि सर्वांत बाहेरच्या कक्षेत एकच असतो. क्लोरीनकडे १७ असतात, बाहेरच्या कक्षेत ७. सोडियमचा एक इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे गेला की सोडियमवर धन आणि क्लोरीनवर ऋण प्रभार येतो. या प्रभारित अणूंना आयन म्हणतात. दोघांचे अष्टक पूर्ण होते, असे सांगून शाळेतला धडा बहुतेक वेळा इथेच थांबतो, पण खरी गोष्ट यापुढे आहे. सोडियमपासून इलेक्ट्रॉन तोडायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी क्लोरीनने तो स्वीकारल्यावर परत मिळत नाही. ही तूट भरून निघते ती आयनांच्या रचनेतून. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम असतात. या जाळीत सर्व बाजूंनी जे आकर्षण साधते, त्यातून भरपूर ऊर्जा बाहेर पडते आणि म्हणून मीठ टिकते. मिठाच्या खड्यात एक सोडियम आणि एक क्लोरीन अशी सुटी जोडी नसते. सगळा खडा मिळून एकच जाळी असते.

मिठाचे बाकीचे गुण या जाळीतूनच येतात. सर्व बाजूंची पकड सुटायला मोठी उष्णता लागते, म्हणून मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळते. घाव बसला की थर किंचित सरकतो, सारख्या प्रभाराचे आयन समोरासमोर येतात, एकमेकांना दूर लोटतात आणि खडा सरळ रेषेत फुटतो. कोरडे मीठ वीज वाहून नेत नाही, कारण आयन जागच्या जागी जखडलेले असतात. पाण्यात विरघळल्यावर मात्र ते मोकळे होतात आणि विजेला वाट मिळते. माती परीक्षणाच्या अहवालातला विद्युतवाहकतेचा आकडा म्हणजे या मोकळ्या आयनांचेच मोजमाप. पाण्याने संपृक्त केलेल्या मातीच्या अर्कात तो मीटरला ४ डेसिसायमनच्या वर गेला, की जमीन क्षारयुक्त धरतात. अशा जमिनीत ओल असूनही पीक सुकते. आयनांनी भरलेले पाणी मुळांना ओढून घेता येत नाही.

विद्राव्यता मात्र प्रत्येक संयुगाची वेगळी. लिटरभर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम मीठ विरघळते, जिप्सम जेमतेम अडीच ग्रॅम, तर चुनखडी त्याहूनही कितीतरी कमी. पाण्याने आयनांना वेढून दिलेली ऊर्जा आणि जाळी मोडायला लागणारी ऊर्जा यांच्या हिशेबावर हे बरेचसे ठरते. कॅल्शियम आयनावर दुप्पट धन प्रभार असतो, कार्बोनेटवर दुप्पट ऋण, म्हणून चुनखडीतली पकड फार घट्ट.

शेतातली घडामोड याच क्रमाने चालते. जमिनीतले पाणी उन्हाने आटू लागले की आधी चुनखडी खाली बसते, मग जिप्सम, आणि मागे उरलेल्या पाण्यात सोडियमचे क्लोराइड व सल्फेट दाटत जातात. जमिनीला मीठ फुटते ते या उरलेल्या क्षारांचे. सोडियम सल्फेटच्या स्फटिकात प्रत्येक घटकामागे पाण्याचे दहा रेणू अडकलेले असतात. तापमान ३२ अंशांच्या वर गेले की तो हे पाणी सोडतो आणि पिठासारखा भुसभुशीत होतो. एप्रिल-मे महिन्यांत असा थर पायाखाली चुरतो.

या क्षारांचा उगम मुख्यतः दख्खनच्या काळ्या पाषाणात आहे. बेसाल्ट झिजताना सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटे होतात. कोरडवाहू शेतीत ते खोलवर पसरलेले होते. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा वाहू लागला, बागायत आणि पुढे उसाचे मळे वाढले, आणि निचऱ्याविना पाण्याची पातळी वर येऊ लागली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. तम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. म्हणजे हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. पाण्याबरोबर क्षारही शेतात येतात. लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असलेले विहिरीचे पाणी उसाला वर्षभरात २ मीटर उंचीचे दिले, तर हेक्टरी १० टन क्षार पडतात. पाणी हवेत जाते, क्षार मागे राहतात.

चोपण जमीन ही क्षारयुक्त जमिनीच्या पुढची आणि अधिक कठीण अवस्था. काळ्या मातीतल्या चिकणमातीचे कण पत्त्यांच्या कॅटासारखे पातळ थरांचे असून त्यांच्यावर ऋण प्रभार असतो, आणि तो धन आयनांना धरून ठेवतो. कॅल्शियम आणि सोडियम आयन आकाराने जवळपास सारखे, पण कॅल्शियमचा प्रभार दुप्पट. तो थर जवळ ओढून कणांचे गट बांधतो, त्यामुळे माती भुसभुशीत राहते. सोडियमची पकड सैल. त्याची जागा वाढली की पाणी लागताच कण सुटे होऊन फुगतात, छिद्रे बुजतात, पाणी वर साचते आणि वाळल्यावर ढेकूळ दगडासारखे होते. मातीचा सामू ८.५ च्या वर जातो. वापसा नीट येतच नाही. कणांवरच्या विनिमयक्षम धन आयनांत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांहून जास्त झाला, की जमीन चोपण समजतात.

उपायही आयनांच्याच हिशेबाने करायचा असतो. नुसते पाणी सोडल्याने चोपण जमीन सुधारत नाही, उलट आणखी घट्ट होते. कारण मोकळे क्षार वाहून जातात आणि कणांना चिकटलेला सोडियम तिथेच राहतो. जिप्सम टाकल्यावर त्यातला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि मोकळा झालेला सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्यात उतरतो. २३ किलो सोडियम हटवायला शुद्ध जिप्सम ८६ किलो लागते. प्रत्यक्षात शेताला किती द्यायचे ते माती तपासूनच ठरवावे लागते. जिथे मातीत चुनखडी भरपूर आहे, तिथे गंधकही चालते. जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात आणि ते चुनखडीशी मिळून जागच्या जागी जिप्सम तयार करते. ताग, धैंचा आणि साखर कारखान्याचे प्रेसमड यांच्या कुजण्यातून बनणारी आम्लेही चुनखडीतला कॅल्शियम मोकळा करतात.

पण जिप्सम कितीही टाकले तरी सुटलेल्या सोडियम सल्फेटला शेताबाहेर जायला वाट हवी. ती उघडे चर किंवा जमिनीखाली पुरलेले सच्छिद्र पाइप देतात, आणि त्यांचे तोंड ओढ्याला नेऊन सोडावे लागते. शेजारच्या शेताचा बांध आड आला तर एकट्याचा चर पुढे जात नाही. म्हणून निचऱ्याची कामे गावाने किंवा एका ओढ्यावरच्या सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून घ्यावी लागतात.